आधी भाषा, मग रचना, आशयसूत्र शेवटी

एम.ए.ला कादंबरीचा पेपर असला की बहुतेक जण थेट आशयसूत्राला, म्हणजे कादंबरी मुळात काय म्हणते त्याला, हात घालतात. 'परात्मता', 'एकाकीपणा', 'मूल्यांचा ऱ्हास' हे शब्द पहिल्या परिच्छेदातच येऊन पडतात. असं उत्तर कुठल्याही कादंबरीखाली खपतं. मी नव्या मुलांना उलट क्रम सांगतो.

पेन्सिल घेऊन एकच पान चार वेळा वाचा. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (1963) घ्या. तिचा नायक आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर बोलताना सतत 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पेरत जातो. यावर 'बोलीभाषेचा प्रभावी वापर' असं लिहून गुण मिळतीलही, पण हाताला काही लागत नाही. 'उदाहरणार्थ' म्हटलं की त्याआधी काहीतरी सर्वसाधारण विधान असायला हवं. इथे ते नसतंच. गडी स्वतःचं वयसुद्धा 'उदाहरणार्थ' सांगतो. 'वगैरे' आलं की भारदस्त वाक्यातली हवा जाते. अशा जागांना खुणा करा. मग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं काढा आणि तशाच खुणा करत चला. हा थट्टेचा सूर तिथे कुठवर टिकतो, कुठल्या वाक्याला मोडतो, ते स्वतः शोधा. निम्मं उत्तर तिथेच आहे.

रचनेसाठी समासात लिहा: किती काळाला किती पानं? व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' (1925) अख्खी लंडनमधल्या एका दिवसात घडते, तर दुसरी एखादी कादंबरी दहा वर्षं एका ओळीत उडवते. 'कोसला'त निवेदन मध्येच डायरीचं रूप घेतं. एरवी सलग बोलणाऱ्या माणसाला तुटक नोंदी का कराव्या वाटल्या असतील? कथानकाचा सारांश मात्र दोन ओळींत उरका. परीक्षकाने कादंबरी वाचलेली असते.

आता आशयसूत्र, आणि तेही पूर्ण वाक्यात. 'तुटलेपण' हा नुसता विषय झाला. 'जगण्यात अर्थ न सापडलेल्या माणसाला स्वतःबद्दलही ठाम विधान करता येत नाही' असं म्हटलंत, तर कुणी वाद घालू शकेल आणि पुरावा म्हणून मघाच्या खुणा दाखवता येतील.

समीक्षाग्रंथ त्यानंतर उघडा. नेमाड्यांनी देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेच्या निकषांवर जोखावं हा विचार, मांडला तो 'कोसला'नंतर. तो आधी डोक्यात भरून घेतला की पानोपानी देशीवादच दिसायला लागतो.