रिसॉर्टवर फक्त नाश्त्याला जाताय?
लोणावळा, महाबळेश्वर किंवा गोव्यातल्या काही रिसॉर्टमध्ये मुक्काम नसला तरी सकाळच्या बुफेला जाता येतं. पण आदल्या दिवशी फोन करूनच निघा, कारण गर्दीच्या शनिवार-रविवारी बाहेरच्यांना अनेकदा नकार मिळतो. दर विचारताना ‘करासह किती?’ असंच विचारा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० रुपयांच्या वर असतं, तिथल्या खाण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो; बाहेरच्या साध्या उपाहारगृहात ५ टक्के. चौघांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो. मुलांना कितव्या वर्षापर्यंत सवलत आहे, तेही तेव्हाच विचारून घ्या. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक असतं, बिलात लावलं असेल तर काढून टाकायला सांगता येतं. त्यात संकोच कसला?

बुफे साधारण साडेदहाला आवरतात. शेवटच्या तासात डोसा-ऑम्लेटच्या काउंटरवर रांग लागते, म्हणून नऊच्या आत पोहोचलेलं बरं. प्लेट उचलण्याआधी सगळ्या काउंटरवरून एक फेरी मारा. ब्रेड-कॉर्नफ्लेक्स घरीही मिळतात. गोव्यात असाल तर गरम पोई (तिथला पाव) आणि पातळ भाजी कुठे ठेवली आहे, ते आधी शोधा.