जुन्या वळणाचा कोट: आधी खांदा बघा

बायकी-पुरुषी असा शिक्का न बसणारा, जुन्या वळणाचा पेहराव करायचा तर कोटापासून सुरुवात करा, आणि कोटात खांद्यापासून. कंबर आत घेता येते, बाही आखूड होते. खांदा बदलायचा तर मात्र कॉलर, मुंढा, अस्तर सगळंच उसवावं लागतं, आणि एवढं करून बाही वर फुगलेलीच दिसते.

कोट घालून भिंतीला कुशीने टेका. दंड टेकण्याआधीच खांद्याचं पॅड दबून चुरगळलं, तर कोट मोठा आहे. 1980च्या दशकातला रुंद खांदा मुद्दाम हवा असेल तर शिवण हाडाच्या 2-3 सेंमी बाहेर गेलेली चालते. कंबर एकूण 5 सेंमीपेक्षा जास्त आत घेऊ नका, खिसे पाठीकडे सरकतात. उंची कमी करण्याचा मोह तर टाळाच. खिसे खालच्या काठाला टेकल्यासारखे दिसतात आणि कोट मागून आणलेला वाटतो. फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह साँ लोराँने 1966 साली बायकांसाठी टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा समारंभी सूट, आणला, तेव्हा पुरुषाचा कोट नुसता लहान केला नव्हता, बाईच्या अंगाला बसेल असा नव्याने बेतला होता. फरक पडतो तो बेतण्याने.

पँट नितंबांच्या मापाने घ्या, कंबरेच्या नाही. पुरुषांच्या जुन्या पँटींना मागच्या मधल्या शिवणीत बरीच माया असते, तिथून 4-5 सेंमी सहज आत जातात. पुढे दोन प्लेट्स (चुण्या) असतील तर बाजूचे खिसे उघडे पडत नाहीत. बेंबीशी बसणारी पँट आणि खाली 4 सेंमीची दुमड एवढ्यानेच निम्मं काम होतं. शर्ट छातीवर फाकत असेल तर दोन बटणांच्या मध्ये आतून टिचबटण लावा.

रुंद खांद्याच्या माणसाला बायकांचे जुने ब्लाउज मुंढ्यात काचतात. रॅगलन (गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली) किंवा डोलमन (अंगासोबतच बेतलेली, काखेत सैल) बाही शोधा, तिला खांद्याच्या टोकाशी मुंढ्याची शिवणच नसते. छातीचे टक्स उसवायचे असतील तर आधी आतल्या बाजूला एक इंच उसवून बघा, सॅटिनवर सुईची भोकं कायमची राहतात. बटणं डावीकडे की उजवीकडे, याची काळजी सोडून द्या.

एका वेळी एकाच काळातली एकच ठळक वस्तू घाला. वेस्टकोट, टाय, टोपी, ब्रोग (भोकांची नक्षी असलेले चामडी बूट) सगळं एकदम चढवलं की नाटकातलं पात्र दिसतं.

विकत घेताना कोट उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं म्हणजे कसर. छातीवर कापडाला फुगे आले असतील तर आतला चिकटवलेला थर सुटलाय, इस्त्रीने तो नीट बसत नाही. लोकरीचा कपडा कपाटात ठेवण्यापूर्वी हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, कापड खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकर दमट होते.