नैराश्याचे औषध सुरू झाल्यावर साखरेची वही

मधुमेह असलेल्या माणसाला नैराश्याची गोळी सुरू झाली, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्याच्या मनाकडे लागते आणि साखर मागे पडते. गोळीचा मनावरचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात. भूक, झोप आणि पोट मात्र पहिल्या आठवड्यातच बदलू लागते, आणि त्यांच्याबरोबर साखरही. म्हणून शक्य असल्यास गोळी सुरू होण्याच्या आठवडाभर आधीच एक साधी वही घालावी. त्याच सुमारास वजन नोंदवावे आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावी, म्हणजे पुढे तुलना कशाशी करायची हा प्रश्न राहत नाही.

खान्देशात बहुधा असे होते, की साखरेचे डॉक्टर चोपड्याला किंवा शहाद्याला असतात आणि मानसोपचारतज्ज्ञ जळगावला किंवा धुळ्याला. मनाच्या औषधाची चिठ्ठी गावात कोणाला दिसू नये म्हणून ती कपाटात घडी घालून ठेवली जाते आणि साखरेच्या डॉक्टरांनाही दाखवली जात नाही. हा संकोच समजण्यासारखा असला, तरी तो महागात पडू शकतो. दोन्ही चिठ्ठ्या दोन्ही डॉक्टरांना दाखवाव्यात.

याचे कारण असे, की नैराश्यावरची सगळी औषधे साखरेशी सारखी वागत नाहीत. फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळीने साखर खाली जाऊ शकते, आणि रुग्ण ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर ती धोक्याइतकी उतरू शकते. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन या नैराश्याच्याच गोळ्यांनी भूक व वजन वाढते. सोबत ओलान्झापिन हे मानसिक आजारावरचे दुसरे औषध दिलेले असेल, तर साखर वाढण्याची शक्यता आणखी अधिक असते. मधुमेहासाठी केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर एकाएकी उतरणे विरळ. मात्र ही गोळी अनेक वर्षे चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेनेही थकवा येतो आणि मन उदास राहते.

वहीत तारीख, वेळ, साखर, त्याआधी काय खाल्ले, झोप कशी झाली आणि गोळ्या घेतल्या का, एवढे रकाने पुरेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी पहिला महिनाभर सकाळी उपाशीपोटी आणि मुख्य जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजावी; डॉक्टरांनी वेगळे वेळापत्रक दिले असेल तर ते पाळावे. पुष्कळांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० (मिग्रॅ/डेलि) आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य असते. वृद्धांसाठी ते थोडे सैल ठेवतात. रावेर-यावल भागातील वाचकांसाठी एक सूचना मुद्दाम करतो. केळे सोलल्यावर तसाच बोटाला टोचा दिला, तर सालीजवळचा गर बोटावर राहून यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि मगच थेंब घ्यावा, नाहीतर त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले जाते.

पहिल्या पंधरवड्यात मळमळ होते आणि रुग्ण म्हणतो, ‘जेवणावर वासनाच नाही.’ ताट तसेच राहते, गोळी मात्र सवयीने घेतली जाते, आणि साखर उतरण्याचे प्रसंग बहुधा असेच घडतात. जेवण चुकले तर कोणती गोळी थांबवायची आणि इन्सुलिन किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. इन्सुलिन स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. पूर्ण जेवण जात नसेल तर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) अर्धी भाकरी आणि ताक, असे थोडे थोडे पण वेळेवर द्यावे. श्रावणातले उपास या काळात टाळलेलेच बरे.

घाम, थरथर, छातीत धडधड ही घबराटीचीही लक्षणे आहेत आणि साखर उतरल्याचीही. त्यामुळे ‘मनाचेच आहे’ असे ठरवण्याआधी साखर मोजावी. ती ७० च्या खाली असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, अजून कमी असेल तर तेच परत करावे आणि नंतर काहीतरी खायला द्यावे. पेढा किंवा लाडू येथे उपयोगाचा नाही. त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे. घबराटीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेले असल्यास थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम तेवढा येतो, त्याकडे लक्ष ठेवावे.

रुग्ण जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर इन्सुलिन आणि सर्व गोळ्या घरातील दुसऱ्या माणसाने आपल्या ताब्यात ठेवून प्रत्येक वेळी हाताने द्याव्यात, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

मन सावरू लागले की भूक परत येते. घरातले सुखावतात, आग्रह करतात, आणि त्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आली तर आमरस व खापरावरची पुरणपोळी एकाच ताटात येतात. ताट हिरावून घेऊ नये. एक पुरणपोळी आणि अर्धी वाटी रस देऊन दोन तासांनी साखर मोजावी आणि आकडा त्याच्याच हाताने लिहू द्यावा. वजन दर आठवड्याला पाहावे आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करावी. चालणे मनाला आणि साखरेला दोन्हींना मानवते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात मात्र ते उजाडतानाच उरकावे.

बरे वाटू लागले म्हणून गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टर मात्रा कमी करू लागतील तेव्हा वही पुन्हा रोज भरावी, कारण ज्या गोळीने साखर खाली आली होती ती निघाल्यावर साखर परत वर चढू शकते. फ्लुऑक्सेटिन शरीरातून निघायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ही चढण सावकाश येते. मधुमेहाचे औषध पुन्हा वाढवायचे का, हे डॉक्टर त्या दिवसांतले आकडे पाहूनच ठरवतील.