कुंचला घ्यावा कसा, धुवावा कसा, पावसाळ्यात जपावा कसा

कुंचले रंगवून झिजतात हे खरं, पण बहुतेक कुंचले झिजण्याआधीच वाया जातात, आणि ते जातात केसांच्या मुळाशी, फेरूलच्या आत. फेरूल म्हणजे केस आणि लाकडी दांडी यांना जोडणारी पत्र्याची नळी. रंग केसांवरून वर चढतो, या नळीच्या तोंडाशी अडकतो आणि तिथेच वाळतो. हा वाळलेला कण दोन केसांमध्ये पाचरीसारखा बसतो. पुढच्या वेळी त्याच्यावर आणखी थोडा रंग साठतो. काही आठवड्यांत केस मुळापासूनच फाकायला लागतात, टोक एकत्र येत नाही, आणि आपण म्हणतो, कुंचला जुना झाला. जुना झालेला नसतो. नीट धुतलेला नसतो.

नळीत पाणी गेलं तर त्रास वेगळा. दांडीचं लाकूड फुगतं, वरचा लाखेचा थर तडकतो. पुढे पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तेच लाकूड आकसतं आणि फेरूल खुळखुळायला लागतं. म्हणून पुढची सगळी पथ्यं एवढ्याचसाठी आहेत: नळीत रंग जाऊ नये, आणि पाणी साठू नये.

दुकानात

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा कुठेही कुंचला घेताना नुसतं टोक बघून पैसे देऊ नका. नव्या कुंचल्याचे केस गोंद किंवा खळ लावून टोकदार करून ठेवलेले असतात. त्या अवस्थेत सगळेच कुंचले सुंदर दिसतात. दुकानदाराकडे पाण्याची वाटी मागा. चांगल्या दुकानात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. केस पाण्यात हलवून गोंद पूर्ण जाऊ द्या आणि मनगटाने एक झटका द्या. गोल कुंचल्याचं टोक आपोआप एकत्र आलं पाहिजे. दोन टोकं झाली तर तो परत ठेवा. घरी नेऊन तो सुधारत नाही. मग ओला कुंचला अंगठ्याच्या नखावर हलकेच वाकवून सोडा. केस परत सरळ व्हायला हवेत. शेवटी एका हातात दांडी, दुसऱ्यात फेरूल धरून हलकं पिळून बघा. जराही हललं तर नको.

आकड्यांवर फार विसंबू नका. एका कंपनीचा ८ नंबर दुसरीच्या ६ इतका भरू शकतो. जलरंगासाठी सुरुवातीला तीन कुंचले पुष्कळ होतात: गोल ४, गोल १०, आणि एक इंची चपटा. डझनाचा स्वस्त संच घेण्याच्या मोहात पडू नका. चांगल्या टोकाचा १० नंबर बारीक रेघही काढतो आणि पोटात भरपूर पाणीही धरतो; अगदी बारीक ००चा कुंचला मात्र दोन रेघांतच कोरडा पडतो.

केसांबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. मुंगसाच्या केसांचे कुंचले आपल्याकडे वर्षानुवर्षं उत्तम म्हणून विकले गेले. मुंगूस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच्या केसांचा कुंचला विकणं गुन्हा आहे, विकत घेणंही गुन्हाच. असा केस मुळाशी फिकट, मध्ये गडद तपकिरी आणि टोकाला पुन्हा फिकट दिसतो. कुणी 'अस्सल केस' म्हणून असा कुंचला पुढे केला तर नाही म्हणा. तुम्हाला लागणाऱ्या मूठभर केसांसाठी जंगलातला जीव मारला जातो, आणि त्याची काही गरज उरलेली नाही. आजचे सिंथेटिक केस जलरंगाला चांगले चालतात आणि ॲक्रिलिकला तर तेच योग्य. शंका आली तर गळलेला एक केस जाळून बघा: सिंथेटिक वितळून त्याची गोळी होते, प्राण्याचा केस जळक्या केसांचा वास देऊन राख होतो. 'कॅमल हेअर' असं लिहिलेल्या कुंचल्यात उंटाचा केस नसतो. तो खार, बकरी, घोडा अशा मिश्र केसांचा असतो.

हातात घेतल्यावर

रंगात बुडवण्याआधी कुंचला साध्या पाण्यात भिजवा आणि फडक्याला टिपा. मुळाशी आधीच पाणी असलं की रंग तिथवर चढत नाही. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक रंग काढायला आणि एक स्वच्छ पाण्याचं. केसांचा फेरूलकडचा एक तृतीयांश भाग रंगापासून लांब राहील एवढंच बुडवा.

सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, द्यायचा असेल, समजा पर्वतीमागचं आकाश, तर ऋतू बघा. मे महिन्यात दुपारी कागद इतक्या लवकर वाळतो की लहान कुंचल्याने आकाश कधीच एकसंध होत नाही, मध्ये पट्टे पडतात. दोष रंगाचा नसतो. पहिला फटका वाळल्यावर दुसरा त्याला भेटतो म्हणून ती कड दिसते. एक इंची चपटा घ्या, रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवा, बोर्ड १५ अंश तिरका करा आणि प्रत्येक आडवा फटका आधीच्या फटक्याखाली साठलेल्या ओलाव्याच्या मण्यांना लावून ओढा. शेवटचा मणी पिळलेल्या कुंचल्याने शोषून घ्या, नाहीतर तो मागे सरकून फुलकोबीसारखा डाग पाडतो.

मध्ये चहाला उठताना कुंचला भांड्यात उभा ठेवू नका. दहा मिनिटांतही टोक वाकतं आणि पाणी नळीत चढतं. आडवा ठेवा.

धुण्याची रीत

आधी फडक्यावर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर रंग पुसून काढा. मग केस खाली करून नळाच्या गार पाण्याखाली धरा. पाण्याची धार फेरूलकडून टोकाकडे वाहायला हवी, उलटी नाही. गरम पाणी नको; नळीतलं चिकट द्रव्य त्याने सैल होतं आणि केस गळतात.

आता तळहातावर अंगाचा साबण थोडा घासून घ्या आणि ओला कुंचला त्यात हलके गोल गोल फिरवा. केस दाबून पसरवू नका, मायेने फिरवा. मग अंगठा आणि तर्जनीने फेरूलजवळचे केस चिमटीत धरून साबण टोकाकडे ओढत आणा. फेस पहिल्यांदा रंगीत येतो, दुसऱ्यांदा फिका. तिसऱ्यांदा पांढरा आला की थांबा. टोकाला स्वच्छ दिसणारा कुंचला मुळाशी रंगीत असू शकतो, आणि ते कळायला चिमटीशिवाय दुसरा उपाय नाही.

पाण्याचा फरक पडतो. पेठांमध्ये धरणाचं नळाचं पाणी मऊ आहे. शहराबाहेरच्या बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. त्यात साबण फुटल्यासारखा होतो आणि पांढरट चिकट साय केसांवर बसते. केस कडक लागायला लागतात. तिथे शेवटचं खळबळणं पिण्याच्या फिल्टर केलेल्या पाण्यात करा, वाटीभर पुरतं.

धुतल्यावर एक झटका द्या, बोटांनी टोक जुळवा आणि टेबलाच्या कडेला केस हवेत राहतील असा आडवा वाळत ठेवा. बरणीत उभा ठेवायचा तो पूर्ण वाळल्यावरच, केस वर करून. ओला उभा ठेवलात तर सगळं पाणी नळीत उतरतं.

ॲक्रिलिक आणि तेलरंग

ॲक्रिलिक वाळल्यावर प्लास्टिकचा पापुद्रा होतो. पाण्याने परत विरघळत नाही. म्हणून काम चालू असताना कुंचला ओला ठेवा आणि दोन रंगांच्या मध्ये लगेच धुवा. रंग वाळून बसलाच तर सर्जिकल स्पिरिटमध्ये नुसते केस १५-२० मिनिटं बुडवून ठेवा (बंद खोलीत नको, आणि जवळ आग नको), मग बोटांनी पापुद्रा सोडवा आणि साबणाने धुवा. हा उपाय सिंथेटिकसाठी. नैसर्गिक केस स्पिरिटने रुक्ष होतात. सिंथेटिकचं टोक वाकलं असेल तर उकळी गेलेल्या गरम पाण्यात फक्त केस पाच सेकंद धरून बोटांनी सरळ करा. इथे गरम पाणी चालतं, पण फेरूल बुडू देऊ नका.

तेलरंगाचा कुंचला टर्पेंटाइनमध्ये खळबळण्याआधी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ओढा, अर्धा रंग तिथेच निघतो. टर्पेंटाइनचा वास सोसत नसेल तर शेंगदाणा तेल चालतं, कारण ते वाळत नाही. जवसाचं आणि करडईचं तेल हवेत वाळून चिकट होतं, म्हणून धुवायला ती नकोत. तेलानंतर मात्र साबणाने दोनदा धुवा. तेलाचा अंश राहिला तर पुढच्या चित्रातला रंग नीट वाळणार नाही. वापरलेलं टर्पेंटाइन बरणीत रात्रभर ठेवा. रंग तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ पुन्हा कामाला येतं. खालचा गाळ मोरीत ओतू नका, तो शेवटी मुठा नदीतच जातो. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका: तेल वाळताना उष्णता निघते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

गणपतीच्या डोळ्यांची आखणी

या कामाला घाई चालत नाही. शाडूवर आधी पांढऱ्या रंगाचा हात देऊन तो पूर्ण वाळलेला असावा. कच्ची माती रंगातलं पाणी ओढून घेते आणि रेघ मध्येच तुटते. कुंचला ० किंवा १ नंबरचा, पण लांब केसांचा, म्हणजे एका दमात पुरेल इतका रंग धरेल. रंग ताकाइतका पातळ. केस रंगात बुडवून वाटीच्या काठावर फिरवत टोक काढा आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ मारून बघा. थेंब साचला तर पाणी जास्त, रेघ खरखरली तर कमी.

कोपर पाटावर, करंगळी मूर्तीच्या कोरड्या भागाला टेकलेली. नाकाकडच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, टोकाचे फक्त दोन मिलिमीटर टेकवा, पापणीच्या मध्यावर किंचित दाब द्या आणि बाहेरच्या कोपऱ्याला उचलत न्या. श्वास सोडताना रेघ ओढली तर हात स्थिर राहतो. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या रेघा आधी, बुबुळं नंतर. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे गेलात तर नजर जुळवणं अवघड होतं. प्रत्येक रेघेनंतर टोक पाण्यात बुडवून टिपा.

भिंतीचा ब्रश

रविवार पेठेत बोहरी आळीत दोन, तीन, चार इंची ब्रश मिळतात. नवा ब्रश तळहातावर आपटून सुटे केस झाडून टाका, नाहीतर ते भिंतीला चिकटतात. केसांच्या एक तृतीयांशच बुडवा, डब्याच्या आतल्या बाजूला दोनदा टपटपवा. काठावर पुसलात तर घेतलेला सगळा रंग परत डब्यात जातो. शेवटचे फटके हलक्या हाताने, एकाच दिशेने, कोरड्याकडून ओल्याकडे. ब्रशच्या रेघा उमटतात त्या रंग घट्ट असल्याने किंवा वाळायला लागलेल्या जागेवर परत परत फिरवल्याने.

जुन्या वाड्याच्या भिंतीला चुना द्यायचा असेल तर प्राण्याच्या केसांचा ब्रश वापरूच नका. चुना तीव्र अल्कली आहे, तो केस खातो. काही तासांत ब्रश बुळबुळीत होऊन तुटायला लागतो. घायपातासारख्या वनस्पतीच्या तंतूंचा कुंचा किंवा नायलॉनचा ब्रश घ्या.

ऑइलपेंटचं काम उद्या पुढे चालू ठेवायचं असेल तर ब्रश रोज धुवायची गरज नाही. दांडीच्या भोकातून तार ओवा आणि केस तळाला न टेकता पाण्यात बुडतील असा टांगा. हवा लागली नाही तर रंग वाळत नाही. सकाळी झटकून, टिपून कामाला लागा.

जून ते सप्टेंबर

मे महिन्यात रात्रीत वाळणारा जाड कुंचला जुलैत दोन दिवस घेतो. या दिवसांत झाकणाच्या प्लास्टिकच्या नळीत ओलसर कुंचला ठेवला की बुरशी आलीच. पंख्याखाली वाळवा आणि बांबूच्या चटईत गुंडाळून ठेवा, म्हणजे हवा खेळते. फार दिवस लागणार नसलेले नैसर्गिक केसांचे कुंचले डब्यात डांबरगोळीसोबत ठेवा, कारण कसर केस कुरतडते. मळका केस तिला जास्त आवडतो, म्हणून ठेवण्याआधी पुन्हा एकदा साबणाने धुवून पूर्ण वाळवा. महिन्यातून एकदा डबा उघडून बघा. केसांच्या मुळाशी बारीक भुसा दिसला तर तो कुंचला लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा.

एखादा कुंचला खरोखरच फाकला तर टाकू नका. केस तिरके कापून झाडांच्या पानांसाठी, खडकाच्या पोतासाठी वेगळा ठेवा. कोरड्या रंगाने टिपके द्यायला फाकलेले केसच हवेत. आणि अगदीच काही हाताशी नसेल तर वारली चित्रकारांची रीत आहेच: बांबूची काडी घ्यायची, तिचं टोक चावून तंतू मोकळे करायचे आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बुडवून रेघ ओढायची. तंतू साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळे झाले की पुरे. त्याहून लांब झाले तर रेघ जाड येते.