मालवणच्या समुद्रात शिडाची होडी आणि स्नॉर्कलिंग: नाशिकहून निघण्यापूर्वी

मालवणच्या समुद्रातील स्नॉर्कलिंगच्या (मास्क व श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत तळ न्याहाळण्याच्या) सहलीची निम्मी तयारी नाशिकमध्येच व्हायला हवी आणि तिची सुरुवात पंचांगापासून करावी. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. त्या दिवसांत पाण्याला ओढ असते, तळाची वाळू उठते आणि प्रवाळ धूसर दिसतात. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, म्हणून तेच निवडावेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार दशमीला सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती येते आणि पाणी थोडा वेळ स्थिरावते. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी. पावसाळा अर्थातच वर्ज्य.

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात, त्यामुळे शिडाच्या होडीला जाताना आणि येतानाही वारा पाठीशी मिळू शकतो. दुपारी लाटा वाढतात, म्हणून पाण्यात उतरण्याचे काम सकाळीच उरकावे. पर्यटकांना नेणाऱ्या बहुतेक होड्या यंत्राच्या असल्याने शिडाची होडी आधीच ठरवावी आणि निघण्याचा अंतिम निर्णय तांडेलावर, म्हणजे होडीच्या प्रमुखावर, सोडावा.

मास्क स्वतःचाच घ्यावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढल्यावर हात सोडूनही तो चिकटून राहिला, तरच मापाचा समजावा. भरघोस मिशा असल्यास पाणी झिरपणारच. नळीत शिरलेले पाणी जोरदार फुंकरीने बाहेर टाकण्याचा सराव तरणतलावात, छातीइतक्या पाण्यात, निदान आठवडाभर करावा. गोदेच्या पाण्यात पोहायला शिकलेल्यांना हात मारण्याची सवय असते. येथे हात स्वस्थ ठेवून मांडीपासून संथ पाय हलवायचे असतात. खाऱ्या पाण्यात शरीर अधिक तरंगते, त्यामुळे फिन (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख) पाण्याबाहेर येऊन नुसतेच आपटतात. कंबर किंचित खाली ठेवल्यास हे टळते. तरबेज पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालावे आणि सोबत्यापासून दूर जाऊ नये.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ कायद्याने संरक्षित असल्याने तुटलेला तुकडाही उचलू नये, त्यावर उभे राहू नये आणि नांगर वाळूतच पडेल याकडे होडीतल्या एकाने लक्ष ठेवावे.