टॅबलेटवर लोकेशन चुकत होतं, शेवटी असं जमलं

गाडीत मोठ्या स्क्रीनवर मॅप दिसावा म्हणून टॅबलेट लावला, फोनचं हॉटस्पॉट दिलं, आणि निळा ठिपका काही केल्या रस्त्यावर थांबेना, कधी एका जागी गोठायचा तर कधी एकदम दोन गल्ल्या पलीकडे उडी मारायचा. ॲप काढून परत टाकलं, रीसेट पण मारला, काही फरक नाही.

मग कळलं की माझा टॅब फक्त वायफायवाला, त्यात जीपीएसची (म्हणजे सॅटेलाइटवरून जागा शोधणारी) चिपच नाहीये! असे टॅब आजूबाजूच्या वायफायवरून अंदाजे जागा सांगतात, घरात बसून ठीक आहे पण चालत्या गाडीत उपयोग नाही. सिमवाल्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा चिप असते, म्हणून घेण्याआधी स्पेसिफिकेशनमध्ये जीपीएस लिहिलंय का ते नक्की बघा, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

उपाय म्हणून ब्लूटूथवाला जीपीएस रिसीव्हर घेतला. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स (एरवी लपलेली सेटिंग्ज) चालू केले, रिसीव्हरचं ॲप टाकलं आणि तिथे मॉक लोकेशन ॲप, म्हणजे टॅबला बाहेरून लोकेशन पुरवणारं ॲप, म्हणून तेच निवडलं. पहिल्यांदा उघड्या आभाळाखाली थोडा वेळ ठेवा, किमान ४ सॅटेलाइट मिळाल्याशिवाय नीट जागा पकडत नाही, आणि ते सॅटेलाइट २०,००० किमीवर असतात त्यामुळे सिग्नल फारच क्षीण येतो. रिसीव्हर डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवला की मस्त चालतो.

मॅप पण ऑफलाइन उतरवून ठेवलेत, जीपीएसला स्वतःला नेट लागत नाही.