थाई खिमा-सँडविच : पाव भिजू नये म्हणून

न्यू जर्सीत मित्रमंडळी जमली की आमच्याकडे थाई फाट क्रफाओच्या (तुळशीसारखी पानं घालून परतलेल्या पदार्थाच्या) धर्तीवर बीफचा खिमा परतून बनपावात भरतात. चव झकास, पण गप्पा रंगेपर्यंत पावाचा लगदा! किलोभर खिमा एकदम टाकला की कढई गार पडते, खिमा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतो, आणि तेच पाणी पावात उतरतं.

आता कढई कडकडीत तापवून खिमा दोन घाण्यांत परतते. आधी ढवळायचं नाही. पाण्याची बुडबुड थांबून तेलाची चरचर सुरू झाली, खालची बाजू खरपूस झाली, की मगच मोडायचा. मग ठेचलेली लसूण-मिरची, फिश सॉस (वासाला घाबरू नका), ऑयस्टर सॉस, चिमूटभर साखर. रस आटला की गॅस बंद करून मूठभर पानं. मूळ पदार्थातली क्रफाओ म्हणजे आपल्या तुळशीचीच जात. इथे थाई बेसिलवर भागतं.

पाव आतून लोण्यावर भाजून मेयोनीजचा हात फिरवायचा, काकडी पिळून घालायची. खिमा स्लो कुकरमध्ये ‘वॉर्म’वर, ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवते. भरायचं काम ज्याचं त्याने करावं.